बिनआवाजाचा डबा

काटेसाहेबांचं खरं आडनाव दुसरंच होतं, पण ते आता पेन्शनच्या कागदांखेरीज कुठे उरलं नव्हतं. सारी नोकरी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून गेली. बाजारातल्या दुकानदारांनी मागे ठेवलेलं नाव हळूहळू तोंडावर आलं आणि शेवटी घरापर्यंत चालत आलं. माणूस सज्जन, पण संशयी. ताक फुंकून पिणारे जगात पुष्कळ असतात. हे गृहस्थ आधी पेला तोलून बघणारे.

यात सगळा दोष त्यांचा नव्हता. ज्याला जन्मभर रोज कुणी ना कुणी काटा मारताना सापडतो, तो जगाकडे आणखी कसा बघणार? पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरून लाख भरलेलं वजन, दुहेरी तळाचं तेलाचं माप, सगळं त्यांनी पाहिलं होतं. मापात पाप करणारा माणूस बोलायला फार गोड असतो, हे त्यांच्या अनुभवाचं सार. त्यामुळे कुणी गोड बोलायला लागला की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जाई. खिशात स्प्रिंगचा हातकाटा असे. निवृत्त झाल्यावर इतर लोक छडी घेतात, यांनी काटा ठेवला.

जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा बिस्किटांचा डबा घेऊन आला होता. तो हात धुवायला आत गेला आणि साहेबांनी डबा काट्याला टांगला. वजन बरोबर भरलं. त्यामुळे त्यांचा संशय उलट वाढलाच. इतकं बरोबर वजन आणणारा माणूस मनात काय घेऊन आला असेल, या विचारात त्यांनी ती बिस्किटं बरेच दिवस खाल्ली नाहीत.

या संशयाच्या पसाऱ्यात एकच जागा कोरी होती, ती म्हणजे बायको. तिला सगळे काकू म्हणत. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसभर कुणाला कुणाशी तरी जोडून देणं. नुसत्या खोकल्यावरून पलीकडे कोण आहे ते त्यांना कळे. ‘साहेब बाहेर गेलेत’ असं सांगणारा शिपाई थापा मारतोय की खरं बोलतोय, हे त्या त्याच्या श्वासावरून ओळखत. एक्स्चेंज यंत्रांवर गेलं, हेडफोन कपाटात गेला, पण त्या कानाचा दरारा घरात कायम होता. लेकीने लहानपणी एकदाही त्यांच्याशी खोटं बोलून बघितलं नाही. बापाशी मात्र खुशाल बोले.

खात्याच्या मुख्य कचेरीत काचेच्या पेटीत एक प्रमाण वजन ठेवलेलं असे. निरीक्षकांची वजनं त्याच्याशी ताडून बघायची, आणि बाजारातली वजनं निरीक्षकांच्या वजनांशी. बाकी कशावरही शंका घ्या, पण काचेच्या पेटीतल्या त्या वजनावर घ्यायची नाही. ते खोटं निघालं तर सगळा बाजारच बंद करावा लागेल. काकूंचा कान हे साहेबांचं घरातलं प्रमाण वजन होतं.

दोघांच्या संसारात बोलणं तसं बेताचंच. पण शनिवारी संध्याकाळी सिनेमा ठरलेला, आणि तोही खुनाचा नाहीतर चोरीचा. मध्यंतरापर्यंत दोघांनी आपापला गुन्हेगार ठरवायचा. साहेब चेहऱ्यावरून ठरवत आणि जो गोड हसेल त्याला धरत. काकू आवाजावरून ठरवत. बहुतेक वेळा काकूच जिंकत, आणि परतीच्या वाटेवर साहेब कॉफी पाजत. एवढंच त्यांचं प्रेमप्रकरण, पण चांगलं टिकलं होतं.

पुढे काकूंचे गुडघे थिएटरच्या पायऱ्यांना नको म्हणू लागले, तेव्हा शनिवार दिवाणखान्यात आला. लेकीने टाकून दिलेला जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला. त्याच्या आतला पंखा गिरणीसारखा घरघरायचा. एका शनिवारी खून होऊन जेमतेम प्रेत सापडलं होतं, एवढ्यात काकू उठल्या.

“या घरघरीत एक शब्द कळत नाही. तुम्हीच बघा,” म्हणाल्या, आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

पुढच्या शनिवारीही तेच झालं. मग शनिवार संध्याकाळ आली की काकूंना नेमकी कामं आठवू लागली. साहेब खुन्याबरोबर एकटेच बसायचे. गुन्हेगार कोण ते कळूनही मजा येईना, कारण सांगायला शेजारी कुणी नव्हतं. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायचं. त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली की ते संशय घेत. आपल्या सोबतीचा हिला कंटाळा तर आला नसेल? की कंटाळा फक्त घरघरीचा? काकूंचा कान खोटं सांगणार नाही, तेव्हा दोष लॅपटॉपचाच, असा त्यांनी निकाल दिला. तो दोष काढून टाकला तर बायको पुन्हा शेजारी येऊन बसेल, एवढीच त्यांची सगळी उमेद होती.

खरं म्हणजे घरात आणखीही काही घडत होतं. दारावरची बेल वाजून वाजून थकायची आणि काकू स्वयंपाकघरात निवांत असायच्या. भाजीवाल्याला त्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायच्या. फोनवर लेकीला म्हणायच्या, जरा नीट बोल गं, तोंडात काय धरलंयस? साहेबांनी हे सगळं पाहिलं आणि त्याचा चोख अर्थ लावला: बेल स्वस्तातली निघाली, भाजीवाला भाव चुकवायला मुद्दाम पुटपुटतो, आणि फोन कंपनी आवाजातही काटा मारते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण कळसा जिच्या काखेत होता ती बोलत नव्हती आणि वळसा घालणारा थांबत नव्हता.

जावई एका कॉलेजात संगणकांची देखभाल करायचा. त्याने फोनवर सांगितलं की लॅपटॉप सोडा, दिवाणखान्यासाठी वेगळा पीसी जोडू. थंड चालणारा प्रोसेसर घेऊ, त्यावर मोठा हीटसिंक बसवू, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा ठोकळा, तो उष्णता ओढून घेतो. पंखे कमीत कमी ठेवू. फिरणारी डिस्क नको, एसएसडी घालू. पॉवर सप्लाय मात्र चांगला हवा, आणि चांगला पॉवर सप्लाय हाताला जड लागतो. शेवटी म्हणाला, कॉलेजजवळ एक दुकान ओळखीचं आहे.

इथवर सगळं ठीक होतं. ‘ओळखीचं’ म्हटल्यावर साहेबांना पाणी मुरताना दिसलं. खरेदी मीच करीन, तुम्ही फक्त जोडून द्या, असं त्यांनी जावयाला सांगितलं आणि काटा खिशात टाकून बाजारात उतरले.

संगणकाची दुकानं त्यांना नवी होती, पण दुकानदार जुनेच होते. पहिल्याने त्यांच्या गळ्यात ग्राफिक कार्ड मारायचा प्रयत्न केला, म्हणून तो बाद. दुसऱ्याने सांगितलं की सिनेमेच बघायचे तर वेगळं ग्राफिक कार्ड कशाला, प्रोसेसरमध्ये असतं तेवढं पुरे. गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणणारा दुकानदार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. हा नक्कीच मोठ्या शिकारीसाठी छोटं सावज सोडतोय असं ठरवून ते तिथूनही उठले. तिसरा प्रश्नाला प्रश्न विचारी. चौथा कॉफी विचारी. कॉफी विचारणाऱ्याकडे तर ते नोकरीत असल्यापासून थांबत नसत.

शेवटी त्यांनी आपल्या रीतीने खरेदी केली. हीटसिंक काट्याला टांगून घेतला, त्यात सर्वांत जड तो निवडला. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसायचं तो डबा, बोटांनी वाजवून बघितला आणि पत्रा जाड होता तो घेतला. मेमरीच्या पट्ट्या काट्यावर इतक्या हलक्या भरल्या की सुई हललीच नाही. दुकानदार हसू दाबत म्हणाला की काका, यात वजन नसतं. साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पट्ट्या उघडून भिंगाखाली दाखवल्या. पॉवर सप्लायसाठी तर त्यांनी अख्खा बाजार पालथा घातला. कोपऱ्यावरच्या एका अंधाऱ्या दुकानात एक मिळाला, त्याने काटा पार खाली ओढला. साहेबांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं जुनं समाधान उतरलं. दुकानदार गोड हसला हे त्यांनी पाहिलं, पण वजनापुढे हसण्याकडे दुर्लक्ष केलं.

रविवारी सकाळी जावई जोडायला आला. हसतमुख, कमी बोलणारा मुलगा. टेबलावर जुनी चादर अंथरून त्याने सगळे भाग मांडले. साहेब शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्याच्या बोटांवरून नजर काढेनात. पॉवर सप्लाय उचलल्यावर जावयाच्या कपाळावर आठी आली. त्याने तो कानाशी हलवून बघितला, मग खिडकीशी नेऊन मागचे चार स्क्रू काढले. आत, तारांच्या खाली, डिंकाने चिकटवलेला लोखंडाचा एक तुकडा होता.

साहेबांनी तो नखाने खरवडून बघितला.

“वजन वाढवायला घालतात, बाबा,” जावई हळूच म्हणाला. “लोक हातात तोलून बघतात हे त्यांना माहीत असतं.”

शेरास सव्वाशेर भेटला होता. ज्याने पोखरलेली वजनं पकडण्यात आयुष्य घालवलं, त्याला भरलेल्या वजनाने गाठलं. ते तसेच उठून त्या दुकानात गेले. दुकानदार आता हसत नव्हता. म्हणाला, मी बंद खोकं दिलं होतं, उघडलं कुणी? ज्याने उघडलं त्याला विचारा. ही मात्रा बरोबर लागू पडली. घरी येईपर्यंत साहेबांच्या डोक्यात सगळा गुन्हा जुळून आला होता: उघडायचं याला सुचलंच कसं? बाहेरून हलवून लोखंड कळतं का कुठे? आणि ते ओळखीचं दुकान?

त्यांनी टेबलाशी बसून जावयाकडे असं बघितलं की त्या मुलाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. दुपारी जेवायला न थांबता तो गेला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. तो घरी येऊन काहीच बोलला नाही, तुम्हीच सांगा काय झालं, असं ती म्हणाली. साहेबांनी पावसापाण्याचं विचारून फोन ठेवला.

तरी पुढच्या रविवारी जावई आलाच, आणि येताना बिनपंख्याचा पॉवर सप्लाय घेऊन आला. साहेबांनी तो काट्याला टांगला नाही, पण टांगावासा वाटला. पीसी जोडून झाला. बटण दाबलं तर टीव्हीवर चित्र आलं, आणि डबा मात्र मुका. साहेबांनी पत्र्याला कान लावला. काही नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः जाऊन काकूंना हाताला धरून आणलं, त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, आता?

काकूंनी डोळे मिटले, एक्स्चेंजमध्ये मिटायच्या तसे.

“येते अजून,” त्या म्हणाल्या. “बारीकशी.”

प्रमाण वजनाने निकाल दिला होता. म्हणजे घरघर आहे, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. जुने फोटो ठेवायला म्हणून जावयाने एक फिरणारी डिस्क घातली होती, ती साहेबांनी काढायला लावली. काकू म्हणाल्या, येते. डब्याचा एकुलता एक पंखा होता, सावकाश फिरणारा, तोही काढायला लावला. काकू म्हणाल्या, येते. डब्याखाली रबराच्या चकत्या आल्या, डबा टेबलावरून खाली गेला, खालून कपाटात गेला. रोज संध्याकाळी काकूंना खुर्चीत बसवून परीक्षा व्हायची. काकू डोळे मिटायच्या, आणि हल्ली डोळे उघडल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. तो साहेबांच्या ध्यानात आला नाही, कारण ते कपाटात डोकं घालून बसलेले असत.

इतकं करून आवाज जात नाही म्हणजे कुणीतरी खोड ठेवली आहे, आणि ठेवणारा एकच माणूस होता. साहेबांनी जावयाला बोलावून घेतलं. या वेळी लेकही सोबत आली. ती आईशी स्वयंपाकघरात बोलत राहिली आणि साहेब दिवाणखान्यात उभे राहिले, खात्यात आरोपीपुढे उभे राहायचे तसे.

“जावईबापू, सरळ विचारतो. यात जुना माल कुठला घातलात?”

जावयाचा चेहरा लाल झाला. त्याने डबा कपाटातून काढला, मागची वायर ओढली, झाकण उघडलं आणि डबा साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

“बघा बाबा, यात फिरणारं आता काहीच उरलेलं नाही. पंखा नाही, डिस्क नाही. आवाज करायचा म्हटलं तरी करणार कोण?”

साहेबांनी डब्यात बघितलं. ठोकळे होते, पट्ट्या होत्या, सगळं जिथल्या तिथे चिकटलेलं. ते काही म्हणणार, एवढ्यात काकू आतून आल्या आणि सवयीने आपल्या खुर्चीत बसल्या. त्यांना वाटलं परीक्षेची वेळ झाली. साहेबांच्या तोंडूनही सवयीनेच प्रश्न निघाला.

“आता?”

काकूंनी डोळे मिटले. घरात लेकीच्या भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

“येते,” काकू म्हणाल्या. “आहेच अजून.”

डब्याची वायर जावयाच्या हातात होती. साहेबांनी ती वायर बघितली, मग जावयाला बघितलं, मग बायकोला. इतक्या वर्षांत त्यांनी किती माणसं रंगेहाथ पकडली होती, आणि पकडल्यावर दर वेळी छातीत एक गरम समाधान उसळे. या वेळी तिथे काहीच नव्हतं. खोटं बोलते. हिला ऐकूच येत नाही आणि ही खोटं बोलते. बेल, भाजीवाला, फोन, घड्या घालायचे कपडे, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. काचेच्या पेटीतलं वजन हलकं निघालं होतं.

जावई तोंड उघडणार होता. साहेबांनी त्याला डोळ्यांनी थांबवलं.

“मलाही येते,” ते म्हणाले. मग काकूंच्या समोर जाऊन, चेहरा त्यांच्याकडे करून, पुन्हा मोठ्याने म्हणाले, “मलाही येते ऐकू. मशीनच तसलं आहे. जावईबापू, ते राहू दे आता. सिनेमात खाली अक्षरं येतात ना, ती लावून द्या. हल्लीचे नट पुटपुटतात, मला समजत नाही.”

निरीक्षकाने जन्मात पहिल्यांदा खोटं माप शिक्का मारून पास केलं. जिन्यापर्यंत जावयाला पोचवायला गेले तेव्हा कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, तुमचं काम चोख आहे, आणि त्या लोखंडाचंही मी उगाच मनात आणलं. जावई म्हणाला, असू दे बाबा. एवढं झालं आणि तो लेकीमागोमाग खाली उतरला. साहेबांची मान मात्र बराच वेळ वर झाली नाही.

त्या शनिवारी काकू पूर्ण सिनेमा बसल्या. अक्षरं ठळक होती. मध्यंतराच्या सुमाराला त्यांनी डॉक्टर झालेल्या नटाकडे बोट दाखवलं आणि गुन्हेगार ठरवून टाकला. साहेबांनी मुद्दाम माळ्याला धरलं आणि हरले. कॉफी त्यांनीच केली. काकू कप हातात घेऊन हसल्या, किती दिवसांनी. तेवढ्यात साहेबांनी दोन दिवस घोकून ठेवलेलं वाक्य काढलं. म्हणाले, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं म्हणतो. माझे कान तपासायचे आहेत. तू चल सोबतीला, बसल्या जागी तुझेही बघून होतील.

“तुमच्या कानाला काय धाड भरलीय?”

“शब्द निसटतात हल्ली.”

काकूंनी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. पारड्याखाली हात घालण्याआधी साहेब तराजूकडे बघायचे, तितका वेळ बघत राहिल्या.

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आवाज बदलतो तुमचा. तेवढं अजून कळतं मला.”

साहेबांनी चोरासारखी नजर कपात घातली.

“शब्द माझे निसटतात. ते मी लपवलं,” काकू म्हणाल्या. “एक्स्चेंजवालीला ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण घरघरीचं मी खोटं नाही बोलले. ती खरंच येते. मशीन बंद असलं तरी येते, स्वयंपाकघरात येते, उशीवर डोकं टेकलं की जास्तच येते. तुम्ही एकेक पंखा काढत होतात तेव्हा मी देवाला म्हणत होते, याचीच असू दे, या पंख्याचीच असू दे.”

ज्या एका मापावर साहेबांनी कधी शंका घेतली नव्हती त्यावर घेतली, आणि नेमकं तेच खरं निघालं. साहेबांनी खुर्ची ओढून काकूंच्या जवळ घेतली, कुठल्या कानाने बरं येतं ते विचारलं, आणि त्या बाजूला बसले.

“दोघांचा नंबर लावा,” काकू म्हणाल्या.